अपत्यहीनतेचा उलटा जमाखर्च

मराठीत 'वांझ' हा शब्द स्त्रीला लागतो, गाईम्हशींना लागतो, नापीक जमिनीलाही लागतो. पुरुषाला मात्र तो लागत नाही. ज्या पुरुषापासून गर्भधारणा होऊ शकत नाही त्याच्यासाठी बोलीभाषेत स्वतंत्र शब्दच नाही. 'षंढ', 'नपुंसक' असे शब्द आहेत, परंतु त्यांचा अर्थ निराळा. शरीरसंबंधाला सर्वथा समर्थ असलेल्या धडधाकट पुरुषाच्या वीर्यात शुक्रजंतूंचा मागमूसही नसणे शक्य आहे, ही वस्तुस्थिती भाषेने कधी नोंदविलीच नाही. भाषेतील ही उणीव घराच्या विचारात उतरते, आणि घराच्या विचारातून ती घराच्या खर्चात उतरते. वंध्यत्वाच्या प्रश्नाकडे वैद्यकाच्या बाजूने पुष्कळदा पाहिले गेले आहे. खर्चाच्या बाजूने पाहिले तर त्याचे एक वेगळेच रूप दिसू लागते.

समजा, एखाद्या तालुक्याच्या गावी राहणारे जोडपे आहे. पती कचेरीत कारकून, पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका. लग्न झाले तेव्हा तिचे वय सव्वीस. पहिले वर्ष कोणी काही बोलत नाही. दुसऱ्या वर्षी हळदीकुंकवाला ओटी भरताना बायका तिच्याकडे पाहून डोळ्यांनीच प्रश्न विचारू लागतात आणि सासूबाई नवस बोलतात. तिसऱ्या वर्षी कोणाच्या तरी सांगण्यावरून एखाद्या वैद्याची पुडी, मग गावातील डॉक्टरांच्या गोळ्या, मग 'पिशवी साफ केली की दिवस जातात' या समजुतीने क्युरेटिंग. चौथ्या वर्षी जिल्ह्याच्या गावी सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, बीजवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून काढलेले क्ष-किरण चित्र, पाठोपाठ भूल देऊन दुर्बिणीची तपासणी. इतके सगळे झाल्यावर, बहुधा पाचव्या वर्षी, एखादा स्पष्टवक्ता डॉक्टर विचारतो, 'यजमानांची तपासणी झाली आहे काय?' ती झालेली नसते.

या क्रमात चुकीचे काय, हे समजण्यास वैद्यकाच्या ज्ञानाची गरज नाही, साधा व्यवहार पुरेसा आहे. वीर्याची प्राथमिक तपासणी काही शे रुपयांत होते. तिला भूल लागत नाही, टाका पडत नाही, रजा घ्यावी लागत नाही. दोन ते पाच दिवसांचा संयम पाळून नमुना द्यायचा आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, इतकेच. दर मिलिलिटरमागे शुक्रजंतूंची संख्या किती, त्यांतील हालचाल करणारे किती, आकाराने धड किती, हे त्यातून कळते. एखादा अहवाल सदोष आला तरी तेवढ्याने निष्कर्ष काढीत नाहीत. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून तितक्या अवधीनंतर तपासणी पुन्हा करतात. अशा जोडप्यांचा ढोबळ हिशेब वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत असा देतात की, साधारण एक-तृतीयांश ठिकाणी दोष केवळ स्त्रीकडे, एक-तृतीयांश ठिकाणी केवळ पुरुषाकडे, आणि उरलेल्या ठिकाणी दोघांकडे असतो किंवा त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणजे जी तपासणी सर्वांत स्वस्त, सर्वांत निरुपद्रवी आणि निम्म्याच्या आसपास प्रश्न उलगडून दाखविणारी, ती आपल्याकडे सर्वांत शेवटी होते, आणि सर्वांत महागडी व शरीराला छेद देणारी तपासणी तिच्या आधी. बाजारात भाजी घेताना जो गृहस्थ पाच रुपयांसाठी दोन फेऱ्या मारतो तोच येथे हा उलटा जमाखर्च निमूटपणे मांडतो. कारण येथे वाचविलेली वस्तू पैसा नसून अभिमान असते.

या चार वर्षांत गेलेला पैसा कर्ज काढून भरून निघेल. गेलेला काळ भरून निघत नाही. स्त्री जन्माला येते तेव्हाच तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख बीजे असतात. पाळी सुरू होईपर्यंत त्यांतील तीन-चार लाख उरतात, आणि साऱ्या आयुष्यात त्यांतील जेमतेम चारपाचशे पक्व होऊन बाहेर पडतात. नवी भर पडत नाही. हे भांडवल केवळ घटत जाणारे आहे. तिशी ओलांडल्यावर संख्या आणि गुणवत्ता दोन्ही उतरू लागतात आणि पस्तिशीनंतर उतार तीव्र होतो. म्हणूनच बारा महिने नियमित व निरोधाविना संबंध येऊनही गर्भ न राहिल्यास तपासणी करावी असे जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या सांगत असली, तरी पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीने सहा महिन्यांहून अधिक थांबू नये असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. उलटपक्षी, लग्नानंतर चौथ्या महिन्यातच घाबरून जाण्याचेही कारण नाही. पूर्ण निरोगी तरुण जोडप्यातही कोणत्याही एका महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता शंभरात वीस-पंचविसांच्या आसपासच असते. वर्षभरात मात्र शंभरातील सुमारे पंचाऐंशी जोडप्यांना यश येते. उरलेल्यांनी काय करावे, एवढाच खरा प्रश्न आहे.

वंध्यत्व दर वेळी एकाएकी उद्भवते असे नाही. त्याची चिन्हे कित्येकदा लग्नाच्या कितीतरी आधी, शाळकरी वयातच दिसू लागलेली असतात आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर वाचता येतात. पाळी एकवीस ते पस्तीस दिवसांच्या अंतराने येत असेल तर स्त्रीबीज दरमहा सुटत असण्याचा संभव मोठा. ती दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी येत असेल, किंवा येईनाशी झाली असेल, तर बीज सुटण्यातच खोळंबा आहे असे समजावे. याचे आज सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे घरोघरी 'पीसीओडी' या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी विकृती. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी तिचे वर्णन १९३५ सालीच केले होते. सोनोग्राफीत बीजकोशावर ज्या 'गाठी' दिसतात त्या वास्तविक गाठी नसतात. अर्धवट वाढून थबकलेल्या बीजांचे ते बुडबुडे असतात. हनुवटीवर व ओठांवर राठ केस, न हटणारी मुरुमे, मानेवर काळसर पट्टा आणि वाढते वजन ही त्याची बाहेरून दिसणारी खूण. वजन शेकडा पाच-दहाने कमी केल्यावर कित्येकींची पाळी औषधाविना रुळावर येते. इतरांना बीज सुटण्यासाठी द्यावयाच्या गोळ्या फारशा महागही नाहीत. परंतु आई-मावश्यांचा सल्ला असतो, 'लग्न झाले की सगळे सुरळीत होते.' लग्नाने पाळी सुरळीत होत नाही. तपासणी तेवढी चार वर्षे लांबते. थायरॉइड ग्रंथीच्या कामातील बिघाड आणि स्तन्यजनक संप्रेरकाचे आधिक्य ही आणखी दोन कारणे साध्या रक्ततपासणीत सापडतात व गोळ्यांनी आटोक्यात येतात. त्यांवर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

वेदनेबद्दलची समजूत तर याहून क्रूर आहे. पाळीच्या दिवसांत मुलीला शाळा बुडवून अंथरुणावर पडून राहावे लागते, पुढे पुढे ओटीपोटातील कळ पाळीनंतरही थांबत नाही, संबंधाच्या वेळी दुखते. हे सर्व बाईच्या जातीला सोसावेच लागते असे तिला सांगितले जाते. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, बीजकोशांवर आणि आतड्यांवर रुजतात, दरमहा तेथे सूज येते आणि आतले अवयव एकमेकांना चिकटतात. एन्डोमेट्रिऑसिस हे त्या विकाराचे नाव. जननक्षम वयातील दहांपैकी सुमारे एका स्त्रीला तो असतो असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या मुलींना वडीलधाऱ्या बायकांकडून मिळणारा दिलासा असा : 'एक मूल झाले की दुखायचे थांबेल.' ज्या रोगामुळे मूल होणे कठीण होते त्यावरचा उपाय म्हणून मूलच सांगावे, याला काय म्हणावे?

तथापि भारतातील वंध्यत्वाचा विचार पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांवर विसंबून पुरा होणार नाही. तेथे जे कारण तळटीपेत जाते ते येथे पहिल्या पानावर येते, आणि ते म्हणजे क्षयरोग. क्षय म्हटले की खोकला आणि छाती हेच चित्र डोळ्यांपुढे येते. परंतु फुप्फुसात शिरलेले जंतू रक्तावाटे बीजवाहिन्यांपर्यंत पोहोचतात आणि तेथे वर्षानुवर्षे दबा धरून बसतात. जननेंद्रियांचा क्षय जिला होतो तिच्या बीजवाहिन्या जवळजवळ नेहमीच बाधित झालेल्या असतात. ताप नाही, खोकला नाही, पुष्कळदा दुखणेही नाही. पाळीचा स्राव हळूहळू कमी होत जातो, एवढेच काय ते चिन्ह, आणि तेही काहींतच. कित्येकींच्या बाबतीत मूल न होणे हेच या रोगाचे पहिले आणि एकमेव लक्षण असते. कोवळ्या वयात घरातील एखाद्या खोकणाऱ्या वडीलधाऱ्याच्या सहवासात झालेला संसर्ग तिशीत अशा रीतीने आपली वसुली करतो. निदान सोपे नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून तो जंतूंसाठी तपासावा लागतो, आणि केवळ एका चाचणीवर भिस्त ठेवून सहा महिन्यांची औषधे सुरू करण्याचा उतावीळपणाही घातकच. औषधे सरकारी क्षयरोग कार्यक्रमात विनामूल्य मिळतात आणि रोग बरा होतो. पण आक्रसून बंद झालेल्या वाहिन्या औषधाने पुन्हा उघडत नाहीत. जगातील एकूण क्षयरोग्यांपैकी चौथा हिस्सा ज्या देशात आहे त्या देशात क्षयनिर्मूलनाचा कार्यक्रम हा वंध्यत्वनिवारणाचाही कार्यक्रम ठरतो, याचे भान सरकारी कागदपत्रांतून क्वचितच दिसते.

दुसरे कारण याच जातीचे. अस्वच्छ बाळंतपण, चोरून केलेला गर्भपात, लैंगिक संबंधातून आलेले व अंगावर काढलेले जंतुसंसर्ग यांमुळे बीजवाहिन्या सुजतात आणि बुजतात. १९७१ मध्ये गर्भपाताचा कायदा झाला. तरीही अनधिकृत हातांनी केलेले गर्भपात थांबले नाहीत. एक मूल झाल्यावर दुसरे न होणाऱ्या स्त्रियांची आपल्याकडील संख्या मोठी आहे, तिचे मूळ पुष्कळ अंशी पहिल्या बाळंतपणातच शोधावे लागते. अंगावरून पांढरे जाणे, कंबर दुखणे, ओटीपोटात जडपणा या तक्रारी इतक्या सार्वत्रिक आहेत की त्यांना रोग समजण्याची पद्धतच नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतील साडेसहाशे स्त्रिया तपासल्या व त्याचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरातील ब्याण्णव जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, सरासरीने एकेकीला तीनहून अधिक. त्यांतील निम्मे विकार जंतुसंसर्गाचे होते. याआधी कधीतरी तपासणी झालेल्या स्त्रिया किती? शंभरात आठ. हा आकडा महाराष्ट्राच्या नियोजनाच्या पुस्तकात पहिल्या पानावर छापावयास हवा होता. तीस वर्षांनी, २०१९ साली, बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची पाहणी राज्य शासनाने नेमलेल्या समितीने केली. तेव्हा सुमारे ब्याऐंशी हजारांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. ज्या पांढऱ्या पाण्यावर चार गोळ्यांनी इलाज झाला असता त्यावर पिशवीच काढण्याचा सल्ला मिळाला, आणि एक दिवस फडावर न गेल्यास दंड कापला जातो म्हणून तो सल्ला स्वीकारलाही गेला. एका टोकाला मूल हवे म्हणून दागिने मोडणारी स्त्री, दुसऱ्या टोकाला मजुरी बुडू नये म्हणून गर्भाशय देणारी स्त्री. या दोघींच्या दुखण्याचा उगम कित्येकदा एकाच दुर्लक्षित संसर्गात असतो.

शासनाने या बाबतीत काय केले? महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर संततिनियमनाचा इतिहास अभिमानास्पद आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालविले. १९५२ साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम राष्ट्रीय पातळीवर स्वीकारणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. लाल त्रिकोण खेड्यापाड्यांतील भिंतींवर पोहोचला. परंतु 'नियोजन' या शब्दाचा अर्थ आरंभापासून मुले न होऊ देणे एवढाच राहिला. ज्यांना मूल हवे आहे आणि होत नाही त्यांचेही नियोजन असू शकते, हे ध्यानी येण्यास १९९४ ची कैरोची लोकसंख्या परिषद यावी लागली. लोकसंख्येची काळजी वाहणाऱ्यांना त्या वेळी हा प्रश्न चैनीचा वाटणे एक वेळ समजू शकते. आज ते कारणही उरलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा एकूण जननदर २.० वर आला, महाराष्ट्राचा तर १.७ वर. जननदर घटण्याचे कारण वंध्यत्व नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे, कारण अलीकडे काही मंडळी या दोन गोष्टींची गल्लत करतात. लोकांना कमी मुले हवी आहेत म्हणून दर घटला. ज्यांना एकच मूल हवे आहे त्यांना तेही न मिळणे हा वेगळा प्रश्न आहे.

या प्रश्नावर जे थोर काम झाले त्याचे स्थान मात्र विसरले गेले आहे. इंग्लंडात पहिले परीक्षानळीतील मूल २५ जुलै १९७८ रोजी जन्मले आणि त्यानंतर सत्तरच दिवसांनी कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तेच साधल्याचे जाहीर केले. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली, आणि त्यांच्या कामास मान्यता मिळू लागली ती १९९७ नंतर. तोवर ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून अशी बालिका जन्मली होती. विशेष हे की मुखोपाध्यायांच्या दाव्याची कागदपत्रे तपासून त्यांना पहिलेपणाचा मान देणारे गृहस्थ हे आनंदकुमारच होत. परंतु येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट दुसरीच. के. ई. एम. हे महापालिकेचे रुग्णालय आणि आनंदकुमारांची संस्था केंद्र सरकारच्या संशोधन परिषदेची. म्हणजे ही विद्या या राज्यात जनतेच्या पैशावर सिद्ध झाली आणि नंतर जवळजवळ संपूर्णपणे खासगी बाजारात गेली. तेथे एका खेपेस लाख-दीड लाखापासून पुढे खर्च येतो, आणि तरुण स्त्रीच्या बाबतीतही निम्म्याहून अधिक खेपा निष्फळ जातात. पहिली खेप वाया गेल्यावर दुसरी करायची की नाही हे ठरविताना आधी बुडालेला पैसा विचारात घेऊ नये, असे अर्थशास्त्र सांगते. पण तेथील प्रतीक्षाकक्षात बसलेल्या जोडप्याला अर्थशास्त्र कोण सांगणार? आरोग्यविम्याचा हात येथे पोहोचत नाही, सर्वसाधारण पॉलिसीतील वर्ज्य बाबींच्या यादीत वंध्यत्वावरील उपचार नावाने नमूद असतात. २०२१ च्या कायद्याने केंद्रांची नोंदणी सक्तीची केली, वयोमर्यादा घातल्या, हे योग्यच झाले. दराबद्दल मात्र तो कायदा मौन पाळतो. गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने २०२३ मध्ये हा उपचार विनामूल्य देण्यास आरंभ केला, हा अपवाद महाराष्ट्राने पाहण्यासारखा आहे.

तरी परीक्षानळीपर्यंत जाण्याची पाळी सर्वांवर येत नाही, आणि सरकारला करता येण्याजोगे बरेचसे काम त्याच्या कितीतरी अलीकडे आहे. पाळीची तारीख लिहून ठेवण्याची सवय आणि ती चुकत असल्यास कोणाला सांगावे याची माहिती आठवीच्या वर्गात देता येते. ती देणाऱ्या शिक्षिका प्रत्येक शाळेत आहेत. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दुपार जोडप्यांसाठी राखून ठेवता येते, आणि नाव नोंदविताना पती-पत्नी दोघांचेही नाव लिहिल्यावाचून कागद पुढे सरकणार नाही असा साधा नियम करता येतो. यासाठी नवी यंत्रसामग्रीही लागत नाही. ज्या सूक्ष्मदर्शकाखाली तेथील तंत्रज्ञ क्षयरोग्याची थुंकी तपासतो त्याच सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू दिसतात. मोजणीची एक काचपट्टी, तंत्रज्ञाला थोडे प्रशिक्षण आणि आतून कडी लागणारी एक खोली, इतकेच काय ते जास्तीचे.